समुद्री चाच्यांच्या लढती करणारे आमचे छोटे पथक : विंगेमागची शिस्त आणि एक प्रश्न

खाडीकाठची
नमस्कार. मी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी राहते. आठवड्याचे पाच दिवस हिशेब तपासण्याचे काम करते आणि उन्हाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार नऊ जणांच्या एका पथकासोबत घालवते. हे पथक बंदरांवरच्या जत्रांमध्ये आणि मध्ययुगीन मेळ्यांमध्ये समुद्री चाच्यांच्या तलवारबाजीचे प्रयोग करते. आमचा मुख्य प्रयोग बावीस मिनिटांचा असून त्यात १७१८ सालच्या नोव्हेंबरमध्ये ओक्राकोक बेटाजवळ झालेली एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्ड या कुप्रसिद्ध चाच्याची शेवटची लढाई दाखवतो. त्याच्या मागावर आलेल्या ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट मेनार्डने आपले खलाशी डेकखाली लपवले, जहाज रिकामे झाले असे वाटून टीच त्यावर चढला आणि लपलेली माणसे एकदम वर आली, हा प्रसंग त्यात येतो. त्या लपलेल्या खलाशांपैकी एक मी असते.

या बावीस मिनिटांपैकी प्रत्यक्ष तलवारी चालतात त्या जेमतेम चार मिनिटे, आणि त्या चार मिनिटांसाठी आम्ही पूर्ण हिवाळा एका शाळेच्या व्यायामशाळेत तालीम करतो. प्रयोगाच्या दिवशीही आमच्याकडे एक नियम आहे. त्याला ‘फाइट कॉल’ म्हणतात. प्रेक्षक येण्याआधी, त्याच मंचावर, तेच बूट आणि त्याच तलवारी घेऊन पूर्ण लढत आधी अगदी सावकाश आणि मग जवळजवळ प्रयोगाच्या गतीने करायची. दिवसात तीन प्रयोग असले तरी सकाळचा फाइट कॉल चुकला, तर त्या दिवशी लढत होत नाही; तो प्रसंग आम्ही नुसत्या संवादांवर निभावून नेतो.

आता प्रश्न. आमच्या गावच्या मराठी मंडळाने पुढच्या वर्षी कान्होजी आंग्रे यांच्यावर तासाभराचे नाटक करायचे ठरवले असून लढती बसवण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. कलाकार अकरा आहेत आणि त्यांपैकी कुणीही आजवर हातात तलवार धरलेली नाही. तालमीचे दिवस कमी आहेत आणि ‘लढाई काय, ती तर पाच मिनिटांची आहे’ असे प्रत्येकाचे म्हणणे आहे. हौशी मराठी रंगभूमीवर ही शिस्त कशी रुजवावी? ज्यांनी ऐतिहासिक नाटकांत काम केले आहे, त्यांचे अनुभव हवे आहेत.

नाट्यवेडा_पुणे
विषय महत्त्वाचा आहे आणि त्यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. महाविद्यालयात असताना मी एका ऐतिहासिक एकांकिकेत मावळा झालो होतो. भाड्याने आणलेल्या पत्र्याच्या तलवारी प्रयोगाच्या संध्याकाळी हातात पडल्या; तोवर तालीम लाकडी पट्ट्यांवर झाली होती. वजन वेगळे, लांबी वेगळी. समोरच्या मित्राच्या भुवईवर माझ्या तलवारीचे टोक लागले आणि तीन टाके पडले. त्याने प्रयोग पुरा केला आणि सगळ्यांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. आज विचार करतो तेव्हा ते कौतुक मला खटकते, कारण त्या दिवशी चूक नक्की कुठे झाली हे कुणीच विचारले नाही.

ताई, एक विचारतो. वार करणाऱ्याने कितीही सावध राहायचे ठरवले, तरी समोरच्याचे लक्ष क्षणभर चुकले तर काय होते?

खाडीकाठची
@नाट्यवेडा_पुणे, आमच्या सगळ्या शिक्षणाचे मूळ याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रेक्षकाला वाटते की एकाने वार केला आणि दुसऱ्याने तो अडवला. मंचावर क्रम उलटा असतो. वार करणारा आधी तलवार मागे नेऊन खूण देतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. समोरचा ती खूण ओळखून अडवण्याची किंवा चुकवण्याची हालचाल सुरू करतो. ती हालचाल सुरू झालेली दिसल्यानंतरच वार पुढे येतो. अडवणारा हलला नाही तर वार निघतच नाही. या तीन पायऱ्या अंगात मुरल्या की त्या इतक्या जवळजवळ येतात की प्रेक्षकांना एकच झटका दिसतो. थोडक्यात, मार खाणारा माणूस लढत चालवतो. केस धरून ओढत नेण्याच्या प्रसंगातही असेच असते. ओढणारा मूठ मिटून नुसती डोक्यावर ठेवतो, ओढला जाणारा दोन्ही हातांनी ती मूठ स्वतःच्या डोक्याशी दाबून धरतो आणि स्वतःच्या पायांनी चालतो.

दुसरी गोष्ट अंतराची. हात पूर्ण लांब केला, तरी टोक समोरच्याच्या अंगापासून किमान वीतभर दूर राहील असे उभे राहायचे. बाजूने पाहणाऱ्याला ते अंतर दिसते, म्हणून लढत बसवताना प्रेक्षक कुठे बसणार आहेत हे आधी विचारावे लागते. जत्रेत ते तिन्ही बाजूंना असतात आणि तिथे आमचा खरा कस लागतो.

तुमच्या मित्राच्या भुवईबद्दल वाचून वाईट वाटले. आमच्याकडे चेहऱ्याच्या दिशेने टोक नेणारी हालचाल मुळात बसवतच नाहीत.

पट्टेकरी
मी कोल्हापूरचा. लहानपणापासून तालमीत मर्दानी खेळ शिकलो आणि आता मुलांना शिकवतो. धागा आवडला, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. सगळेच आधी ठरलेले असेल, तर लढणाऱ्याच्या अंगात जोश कुठून येणार? आमच्याकडे माणसाच्या पोटावर लिंबू ठेवून दांडपट्ट्याने ते कापतात. तिथे खोटे काही नसते आणि म्हणूनच पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. कान्होजींच्या नाटकात वीतभर लांबून तलवारी फिरल्या, तर आपल्या शस्त्रविद्येचा मान राहील का?

खाडीकाठची
@पट्टेकरी, आपल्या मताचा मला आदर आहे आणि लिंबू कापणाऱ्याच्या हाताचा तर त्याहून जास्त. पण तो हात किती वर्षांनी तयार होतो हे आपणच जाणता. शिवाय ज्याच्या पोटावर लिंबू असते, तो निश्चल पडून असतो. रंगमंचावर दोघेही धावत असतात, संवाद म्हणत असतात, डोळ्यांवर प्रकाशझोत असतो आणि तोच प्रसंग पुढच्या रविवारी पुन्हा करायचा असतो. माझे अकरा कलाकार सॉफ्टवेअर, औषधनिर्मिती आणि शिक्षण या क्षेत्रांतले आहेत. त्यांच्याकडून मला ती विद्या नको आहे. ती विद्या समोर घडते आहे असा भास हवा आहे.

पट्ट्याबद्दल आपल्यालाच विचारायचे होते. तो मंचावर वापरावा का?

पट्टेकरी
हौशी माणसाच्या हाती मुळीच देऊ नये. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सगळी फिरत खांद्यातून येते. पाते लवचिक असते. एकदा फिरायला लागले की तुम्ही सांगता तसे समोरच्याची हालचाल पाहून ऐनवेळी थांबवता येत नाही. वापरायचाच असेल तर एकट्याने, मोकळ्या मंचावर, कुणीही जवळ नसताना फिरवावा. लढतीत साधी तलवार आणि ढाल पुरे. जोशाबद्दल मी लिहिले ते मात्र मागे घेत नाही. तो कुठून आणणार हे जरूर सांगा.

हाडांचा_डॉक्टर
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. तलवारीपेक्षा मला पडण्याची भीती जास्त वाटते. पडताना माणूस आपोआप तळहात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. त्यात मनगटाजवळचे मोठे हाड मोडते किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड तडकते. या छोट्या हाडाचा रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश जुळते आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये कधीकधी तडा दिसत नाही, म्हणून लोक ‘मुरगळले असेल’ म्हणून महिनाभर अंगावर काढतात. तुमच्या कलाकारांना तलवार देण्याआधी दोन आठवडे फक्त पडायला शिकवा. गुडघे वाकवून खाली बसत, मांडीच्या बाहेरच्या बाजूवर आणि मग कुल्ल्यावर टेकत मागे पसरायचे, हात छातीशी.

खाडीकाठची
@हाडांचा_डॉक्टर, अगदी हेच आम्हाला पहिल्या हिवाळ्यात शिकवले गेले. दोन महिने कुणाच्याही हातात शस्त्र नव्हते. आपण सांगितलेला क्रम मी तालमीच्या कागदावर जसाच्या तसा लिहून घेतला आहे.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे दशावतारात रात्रभर युद्धे होतात. लिखित संहिता नसते, संवाद आयत्या वेळी सुचतील तसे बोलतात आणि तरीही दोन राजे लाकडी तलवारी घेऊन भिडतात तेव्हा कुणाला लागत नाही. मी लहानपणी देवळाच्या आवारात पुढे बसून पाहत असे तेव्हा याचे आश्चर्य वाटायचे. पुढे एका जुन्या कलाकाराला विचारले. त्याने सांगितलेले मला पटले: युद्ध पखवाजावर चालते. पाय तालात पडतात, गिरकी तालात घेतली जाते, तलवारीला तलवार समेवर लागते. समोरचा काय करणार हे डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते. झांज वाजते तेव्हा तलवार नुसती टेकली तरी घाव बसल्यासारखे वाटते.

पट्टेकरी यांनी विचारलेला जोश मला तिथे दिसतो. पखवाज चढत जातो तसे सगळे आवार पुढे सरकते. खाडीकाठचीताई, मंडळात कुणी पखवाज किंवा ढोलकी वाजवणारे असेल, तर त्याला पहिल्या तालमीपासून बसवा.

नाट्यवेडा_पुणे
@वेंगुर्लेकर, +१. या धाग्यावरचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद.

सरखेल
लढती कशाही बसवा, पण एक विनंती आहे. चाच्यांचे प्रयोग करणाऱ्या पथकाकडून कान्होजींचे नाटक बसवले जाणार हे वाचून मी अस्वस्थ झालो. कंपनी सरकारच्या कागदांत त्यांना चाचा म्हटले आहे. ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना ते दस्तक, म्हणजे परवाना, देत आणि दस्तकाशिवाय जाणारे जहाज धरत. पोर्तुगीजांनी आपल्या कार्ताझ परवान्यांच्या जोरावर आधीच्या दोन शतकांत हेच केले होते. मुंबईकर इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तेही फसले. ज्यांना हरवता आले नाही, त्यांना लुटारू म्हणणे सोयीचे होते. टीच आणि कान्होजी समकालीन होते, एवढ्यावरून दोघांना एका पोशाखात उभे करू नये.

खाडीकाठची
@सरखेल, हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे आणि तो लेखकाच्याही मनात होता. आमच्या पथकातले चौघे या नाटकात कंपनीचे खलाशी होणार आहेत. त्यांना मी कान्होजींबद्दल सांगितले तेव्हा त्यांतल्या एकाने विचारले की यांच्याकडे राजाची नेमणूक, किल्ले आणि आरमार होते, तर मग यांना चाचा का म्हणत? तो प्रश्न नाटकात एका तरुण खलाशाच्या तोंडी घातला आहे. पोशाखात डोळ्यावरची पट्टी, कवटीचा झेंडा यांतले काहीही नसेल. लढण्याची पद्धतही वेगळी ठेवणार आहे. कंपनीचे खलाशी आखूड, रुंद पात्याची कटलास धरतील, कारण दोरखंडांच्या गर्दीत लांब तलवार अडकते. मराठ्यांच्या हाती वक्र तलवार आणि ढाल असेल.

हेस्टिंग्जजवळ
मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. हेस्टिंग्ज गावात दर उन्हाळ्यात चाच्यांचा दिवस साजरा होतो; २०१२ साली तिथे १४,२३१ माणसे चाच्यांच्या वेषात एकत्र आली आणि जागतिक विक्रम झाला. त्या गर्दीत छोटी पथके लढती करतात. एका पथकाचे सामान उचलायला मी दोन वर्षे जात होतो, त्यामुळे मागची बाजू जवळून पाहिली. मला तिथली सर्वांत चांगली वाटलेली गोष्ट म्हणजे एक माणूस लढतीत कधीच नसे. तो मंचाच्या कडेला उभा राहून फक्त पाहत असे आणि त्याने ओरडून ‘होल्ड’ म्हटले की सगळे जागच्या जागी थांबत, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. तुमच्याकडे असे कुणी असते का?

खाडीकाठची
@हेस्टिंग्जजवळ, असते. आम्ही तिला फाइट कॅप्टन म्हणतो आणि तिचा शब्द दिग्दर्शकाच्याही वर असतो. तिने अमेरिकेतल्या १९७७ साली स्थापन झालेल्या फाइट डायरेक्टर्सच्या संस्थेची परीक्षा दिली आहे. ती प्रत्येक शस्त्राची वेगळी असते आणि तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते.

तिचे महत्त्व मला एका प्रसंगाने कळले. तिसऱ्या वर्षी एका मेळ्यात आयोजकांनी सकाळी मंच बदलला आणि फळ्यांवर शोभेसाठी वाळू पसरली. आम्ही उशिरा पोहोचलो होतो. ती त्या दिवशी आजारी होती आणि आम्ही सर्वांनी मिळून ठरवले की रोजचीच लढत आहे, फाइट कॉल नको. चौथ्या वाराला माझा पाय वाळूवर सरकला, माझी तलवार ठरल्यापेक्षा खाली आली आणि जोडीदाराच्या अंगठ्याची कातडी नखापासून सांध्यापर्यंत फाटली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना ते खोटे रक्त वाटले. आम्ही खोट्या रक्तासाठी मक्याच्या साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग वापरतो. ते घट्ट असते आणि जरा जास्तच लाल दिसते. त्या दिवशीचे रक्त पातळ होते. टाळ्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. त्या दिवसापासून मी एकही फाइट कॉल चुकवलेला नाही.

कपडेपट_सांभाळणारी
तलवारींची निगा कोण राखते? आमच्या संस्थेत पोशाखांना कपाट आहे आणि तलवारी पिंपात उभ्या ठेवलेल्या असतात.

खाडीकाठची
@कपडेपट_सांभाळणारी, ज्याची तलवार त्यानेच. धार नसलेल्या जाड कडेची पाती असली, तरी पोलाद पोलादावर आपटून कडेला बारीक खाचा पडतात आणि खाचेची कुस हाताला ब्लेडसारखी कापते. म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर कापडाने कड तपासायची, धागा अडकला तर तिथे कानस फिरवायची. मग घाम पुसून तेलाचा हात द्यायचा, कारण खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. मुठीच्या टोकाचा गोळा सैल झाला का, हे हलवून पाहायचे. खाच खोल असेल तर पाते बाद. तिथूनच ते तुटते. पिंपात उभ्या ठेवलेल्या तलवारी एकमेकींवर घासतात आणि तळाशी ओल धरते, तेव्हा कृपया त्या आडव्या ठेवा.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. बार्थॉलोम्यू रॉबर्ट्स नावाच्या खऱ्या चाच्याच्या जहाजावरचे नियम १७२४ साली छापले गेले. त्यात प्रत्येकाने आपली बंदूक, पिस्तुले आणि कटलास स्वच्छ आणि सज्ज ठेवावी असे कलम आहे, तसेच ज्याचा अवयव जाईल त्याला सामाईक ठेवीतून ८०० डॉलर द्यावेत असेही आहे. आमच्या पथकाची पेटी उघडली की झाकणाच्या आतल्या बाजूला ही दोन कलमे चिकटवलेली दिसतात आणि त्यांच्याखाली आमच्या विम्याचा कागद असतो. टोपी फिरवून जमा होणाऱ्या पैशांतला मोठा वाटा त्या विम्यालाच जातो.

नाट्यवेडा_पुणे
कान्होजींच्या नाटकात तोफा आणि पिस्तुले दाखवणार का?

खाडीकाठची
तोफांचा आवाज ध्वनिफितीवरून येईल. पिस्तुले कमरेला असतील, पण उडणार नाहीत. आमच्या पथकात चकमकीच्या दगडाने उडणारी जुन्या पद्धतीची पिस्तुले बंदुकीची काळी दारू भरून वाजवतात. त्यांत गोळी नसते, तरीही ती माणसाकडे कधीच रोखत नाहीत, बाजूच्या मोकळ्या जागेकडे रोखतात. गोळी नसली तरी नळीतून बाहेर पडणारा वायू जवळून जीव घेतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम हा तरुण अभिनेता चित्रीकरणाच्या वेळी कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसाचे पिस्तूल स्वतःच्या कपाळाच्या बाजूला लावून वाजवल्यामुळे दगावला. नवख्या अकरा जणांत ही जोखीम मी घेणार नाही.

हाडांचा_डॉक्टर
योग्य निर्णय.

वेंगुर्लेकर
थांबवण्याचा शब्द कोणता ठेवणार? ‘थांब’ ठेवू नका. नाटकात कुणीतरी शत्रूला ‘थांब!’ म्हणणारच, आणि मग गोंधळ होईल.

सरखेल
‘विराम’ कसा वाटतो?

पट्टेकरी
घाईत तोंडात येणार नाही. एका दमात ओरडता येईल असा शब्द हवा.

वेंगुर्लेकर
‘पडदा!’ ठेवा. नाटकातल्या प्रत्येक माणसाला त्याचा अर्थ ठाऊक असतो, आणि कान्होजींच्या तोंडी तो येण्याचा संभव नाही.

खाडीकाठची
सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर थोडेफार हाती आले आहे.

पहिले दोन आठवडे फक्त पडणे आणि उठणे केले. कुरकुर झाली, पण पाचव्या दिवशी एका काकांचा मुलगा जिन्यावरून घसरला आणि शिकवल्याप्रमाणे मांडीवर टेकला. त्यानंतर कुणी कुरकुरले नाही. अकरा जणांपैकी फक्त चौघांना पोलादी तलवारी दिल्या, दोन जोड्या. बाकीचे लाकडी शस्त्रे घेऊन मागे हालचाल करतात आणि त्यांच्या तलवारी एकमेकांना लागतच नाहीत. प्रत्येक जोडीला फक्त आठ वार आहेत. आठच असल्यामुळे ते त्यांना झोपेतही येतात आणि मग चेहऱ्यावर अभिनय करायला जागा राहते. पट्टेकरी, तुमच्या जोशाचे मला मिळालेले उत्तर हे आहे: पुढे काय होणार याची धास्ती गेली की माणूस मोकळेपणाने ओरडतो, डोळे वटारतो, सर्वांगाने लढतो.

एका निवृत्त शिक्षकांना ढोलकी येते. ते पहिल्या तालमीपासून बसतात. आठव्या वाराला थाप पडते, तेव्हा माझ्या पथकातले अमेरिकन खलाशीही त्याच थापेवर कोसळतात. त्यांनी मराठी शब्द एकही न कळता ती लढत पाच दिवसांत उचलली.

काल पहिल्यांदा खऱ्या सभागृहात फाइट कॉल घेतला. दुसऱ्या जोडीच्या तिसऱ्या वाराला कडेला उभ्या असलेल्या मंडळाच्या एका काकूंना ढालीचा पट्टा सुटलेला दिसला आणि त्यांनी ‘पडदा!’ म्हणून हाक दिली. ढोलकी थांबली, अकरा मराठी कलाकार आणि चार अमेरिकन खलाशी होते तिथे थिजले, वर गेलेली तलवार वरच राहिली. काकूंनी जाऊन पट्टा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पहिल्या वारापासून पुन्हा सुरुवात करायला सांगितली.